तिसऱ्यांदा विचारल्यावर

लिनेट नायगार्डने उभ्या आयुष्यात कितीतरी महापौरांना, एका शेरीफला आणि एकदा तर चक्क बिशपला घाम फोडला होता. पण दातांच्या दवाखान्यात फोन उचलणाऱ्या मुलीला "माझ्यासाठी काही काम आहे का हो?" असं विचारायचं म्हटलं की तिचा हात फोनऐवजी फडक्याकडे जायचा. त्या मार्चमध्ये आमच्या गावातला सगळ्यात लखलखीत ओटा तिच्या घरातला होता.

गावचं साप्ताहिक आदल्या शरदात बंद पडलं. लिनेटने तिथे हयात घालवली होती. पुराच्या बातम्या, शाळेच्या हॉकीच्या बातम्या, मेलेल्यांचे चार ओळींचे परिचय, सगळं तिच्या हातचं. नवरा कधीचाच उन्हाच्या शोधात ॲरिझोनाला निघून गेला होता, त्याची तिला खंत नव्हती. खंत होती ती एवढीच, की लिहिण्याखेरीज दुसरं काही येत नाही आणि लिहायला जागा उरली नाही.

वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात तिने वाचलं, की धंदेवाल्यांना लिहिणारी माणसं लागतात. माहितीपत्रकं, वेबसाइटवरचा मजकूर, गिऱ्हाइकांच्या गोष्टी, असं बरंच. ही कामं नोकरीवरच्या माणसाला देत नाहीत, बाहेरच्याला देतात. फक्त फोन करून दोन वाक्यं बोलायची: तुमच्याकडे लिखाणाचं कोण बघतं? बाहेरच्या लेखकाला काम देता का? लिनेटने ती दोन वाक्यं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवली आणि रोज सकाळी परिसरातले धंदे एकेक करून गाठायला लागली. बियाणेवाले, ट्रॅक्टरवाले, साखर कारखाना, अंत्यविधीवाले. बहुतेक जण गोड बोलायचे. गोड नकारासारखी वाईट गोष्ट नाही, कारण त्यावर चिडताही येत नाही.

धाकटी बहीण रेनी फार्गो शहरात असते. तिने लिनेटसाठी तिथल्या विमा कंपनीत फोन उचलायची नोकरी जवळजवळ ठरवूनच टाकली होती.

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो-नाही सांग. त्यांना थांबता येणार नाही," रेनी म्हणाली. "आणि माझ्याकडेच राहा. ते घर कशाला सांभाळत बसतेस?"

"बघते."

"बघते म्हणजे काय? तू गेल्या ऑक्टोबरपासून बघतेयस. बाई, आता तरी डोळे मीट आणि उडी मार!"

रेनीचं काही चुकत नव्हतं. पण एकदा का फार्गोला गेलं, कानाला तो फोन लावला, की आपण पुन्हा लिहिणार नाही, हे लिनेटला पक्कं ठाऊक होतं. तिला त्याची भीती वाटत होती.

आणि मग सोमवारी हॉफ पंपमधून होकार आला. निदान येता येता राहिला.

हॉफ कंपनी तळघरातलं पाणी उपसणारे पंप बनवते. आमच्या या नदीकाठी बर्फ वितळायला लागला की जमिनीतून पाणी वर येतं, त्यामुळे पंप नाही असं तळघर नाही. कंपनीच्या जाहिरातीचं काम बघायला शिकागोहून एक नवा माणूस आला होता, डॉमिनिक सार्टोरी. लिनेटने दोन वाक्यं म्हटली. पलीकडून तो म्हणाला, "अरे वा! आहे की काम. कराल का?"

आता आमच्याकडची रीत अशी, की कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारल्यावर "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर अर्धा कप," असं म्हणून घ्यायचं. पहिल्या हाकेला हो म्हणणारा माणूस हावरट. हे कुणी शिकवत नाही, आईच्या दुधातूनच येतं.

"तशी काही घाई नाही," लिनेट म्हणाली. "तुम्हाला उगाच त्रास नको."

"ओके," सार्टोरी म्हणाला. "नो प्रॉब्लेम." आणि त्याने फोन ठेवून दिला.

लिनेट हातातल्या फोनकडे बघतच राहिली. दुसऱ्यांदा विचारायला तो थांबलाच नव्हता! महिनोन्महिने ज्यासाठी ओटा पुसला, तो हातातोंडाशी आलेला घास तिने स्वतःच्या शालीनपणाने परत पाठवला होता. ती रात्र तिने स्वतःला शिव्या देण्यात काढली. सकाळी अंगणातून आत आल्याआल्या, कोट न काढता, उभ्यानेच तिने पुन्हा फोन लावला.

"काल मी नको म्हणाले. ते हो होतं."

पलीकडे सार्टोरी मोठ्याने हसला. "तुमच्या गावात हो म्हणायला परवाना काढावा लागतो का हो? या, ताबडतोब या."

तो पन्नाशीचा, बुटका आणि सतत हातवारे करणारा माणूस होता. लिनेटला त्याने खुर्चीही नीट ओढू दिली नाही. "फॉसम माहिती आहेत? डेलमार आणि आर्लीस?"

कोणाला माहिती नव्हते? डेलमार फॉसम साखरेच्या बिटाची शेती मुलाला देऊन आता घरीच असायचा. आर्लीस म्हणजे चर्चच्या बायकांचं पुढारपण, लिंबाच्या वड्या आणि परखड जीभ. त्यांच्या तळघरात हॉफचा नवाकोरा पंप बसवलेला होता, आणि तरी महिन्यापूर्वी पहिल्यांदा बर्फ वितळला तेव्हा गुडघाभर पाणी भरलं. आर्लीसने ते चर्चच्या जेवणात सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून लोक हॉफच्या पंपाच्या ऑर्डरी मागे घेत होते.

"आमचा माणूस तपासून आला," सार्टोरी म्हणाला. "पंप ठणठणीत! चालू होता! मग पाणी भरलं कसं? फॉसम बोलत नाही. त्याच्या तोंडून मला गोष्ट हवीय. खरी. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत, दोघांच्या सहीनिशी. जमलं तर वर्षभर दर महिन्याला एक गोष्ट तुमची. आणि लक्षात ठेवा, हे वर्तमानपत्र नाही. गिऱ्हाइकाने शब्दन्‌शब्द वाचून सही केल्याशिवाय इथून काही छापलं जात नाही."

लिनेटला हे जड गेलं. बातमीत ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी दाखवायचं नसतं, हे तिच्या हाडीमांसी मुरलेलं होतं. पण ती हो म्हणाली, आणि या वेळी लगेच.

बुधवारी ती फॉसमांकडे गेली. आर्लीसने कॉफी विचारली, लिनेटने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली, सगळं रीतसर झालं. डेलमार टेबलाच्या टोकाला टोपी मांडीवर घेऊन बसला होता. उंच, हाडकुळा, आणि बोलण्याचे पैसे पडतात असा समज असलेला.

"पंप कसा आहे?" लिनेटने विचारलं.

"बरा आहे," डेलमार म्हणाला.

"काय बरा?" आर्लीस उसळली. "माझ्या आईची पेटी बुडाली आणि हा म्हणतो बरा! अगं पोरी, आईच्या लग्नातला पोशाख होता त्यात. तिच्या आईने मायदेशाहून बोटीतून आणलेला, हाताने भरलेला. मी बिस्मार्कला लेकीकडे गेले होते, दोन दिवस. परत येऊन बघते तर चिखलाचा गोळा. आणि पंप खुशाल गुरगुरतोय, काही झालंच नाही असा! दगाबाज मेला." तिने ड्रॉवरमधून एक फोटो काढून लिनेटपुढे ठेवला. त्यात तो पोशाख घातलेली एक तरुणी कॅमेऱ्याकडे रागाने बघत होती. "हा घेऊन जा. छापा. लोकांना कळू दे काय गेलं ते."

आर्लीस शेजारणीला वड्या द्यायला गेली, तेव्हा लिनेट म्हणाली, "पंप दाखवता?"

तळघराच्या जिन्यावर डेलमार पुढे, ती मागे. खाली अजून ओल्या मातीचा वास होता. एका कोपऱ्यात पंप, दुसऱ्या कोपऱ्यात भला मोठा जुना फ्रीझर, आणि जिन्यापाशी भिंतीवर उंच एकच चालू सॉकेट, त्यात पंपाचा प्लग. फ्रीझरच्या जवळचं सॉकेट काळं पडलेलं, जळालेलं होतं. फ्रीझरसाठी आता नवी लांब वायर स्वयंपाकघरातून खाली आणली होती.

लिनेटने त्या जळक्या सॉकेटकडे पाहिलं, मग पंपाच्या प्लगकडे. जुनी खोड. प्रश्न आपोआप तोंडातून निघाला. "डेलमार, पंप बंद का पडला होता?"

तो टोपी फिरवत राहिला.

"पडला नव्हता," तो शेवटी म्हणाला. "मीच काढला. ते सॉकेट जळलं. फ्रीझरमध्ये अख्खं हरीण होतं, नातवाने मारलेलं पहिलं. म्हटलं तासभर त्याला पंपाची जागा देऊ, तोवर दुकानातून वायर आणू. मग वर हॉकीची मॅच लागली." तो थांबला. "रात्री पाऊस आला. बर्फावर पाऊस. सकाळी जिन्यावरून उतरलो तर पाय पाण्यात."

"आणि तुम्ही पुन्हा पंप लावलात."

"लावला. ती आली तेव्हा चालू होता. तिनेच विचारलं, पंप बंद पडला होता ना? मी म्हटलं, हो." त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते. "एक शब्द गं. आता तो मागे घेता येत नाहीये. तू हे लिहू नकोस."

लिनेटने मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाही कळलं नाही.

घरी येऊन तिने ते लिहिलं. सगळंच्या सगळं: हरीण, मॅच, जिन्यावरचा पाय. एका बैठकीत, कॉफी गार होईपर्यंत. कित्येक वर्षांत तिने इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतं आणि ते तिचं तिलाच समजत होतं. त्यात पंप निर्दोष सुटत होता, लोकांच्या ऑर्डरी परत येणार होत्या, वर्षभराचं काम पदरात पडणार होतं. फक्त एका म्हाताऱ्याचा संसार चव्हाट्यावर येणार होता.

वार्ताहराच्या कायद्याने ती मोकळी होती. "छापू नका" हे आधी सांगायचं असतं, नंतर नाही. डेलमारने नंतर सांगितलं. कितीतरी पुढाऱ्यांना तिने हा नियम थंडपणे ऐकवला होता. पण डेलमार पुढारी नव्हता.

गुरुवारी दुपारी सार्टोरीचा फोन आला.

"काय म्हणतो फॉसम?"

"पंप बरा आहे म्हणतो."

"झालं? एवढंच?"

"आमच्याकडे याच्यापुढे कौतुक नसतं."

"ते ठेवा बाजूला. पाणी का भरलं?"

लिनेटच्या समोर संगणकावर मजकूर उघडा होता. एक बटण दाबलं की गेला.

"तुम्हाला माहिती आहे," सार्टोरी हळू आवाजात म्हणाला. "मला ऐकू येतंय की तुम्हाला माहिती आहे. हे बघा, सहीचं मी बघतो. तुम्ही फक्त पाठवा. खाली कारखान्यात पोरं हात बांधून बसलीत हो! ज्यांनी काही केलं नाही त्यांना का शिक्षा?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच झोंबलं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि दोरी हिच्या हातात होती.

"सही नाही तर शब्द नाही," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात."

"मग उद्या बारा वाजता आपला संबंध संपला. आणि मला वाईट वाटतंय, बाई. खरंच." या वेळीही त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

फोन ठेवल्यावर तिने मजकूर छापून काढला, का ते तिला सांगता आलं नसतं. पाकिटात घातला, वर आर्लीसने दिलेला फोटो ठेवला. मग रेनीला निरोप पाठवला: उद्या संध्याकाळी कळवते, बहुतेक हो.

शुक्रवारी सकाळी ती फोटो परत करायला गेली. दुसरं काही करायचं नव्हतं. उसनं आणलेलं पोस्टाने पाठवत नाहीत.

आर्लीसने दार उघडलं, फोटो बघितला आणि तिचं तोंड आक्रसलं. "परत का आणलास?"

"गोष्ट होणार नाही. काम रद्द झालं."

"का? पंपवाल्यांची फाटली वाटतं? बस. कॉफी घेणार?"

"नको."

दुसऱ्यांदा विचारायच्या ऐवजी आर्लीस तिच्या समोर येऊन बसली. डेलमार खिडकीशी उभा होता, पाठमोरा. "तू खाली गेली होतीस परवा," आर्लीस म्हणाली. "परत आलीस तेव्हा तुझा चेहरा पांढराफटक होता. शेजारणीच्या खिडकीतून आमचं स्वयंपाकघर दिसतं. तेव्हापासून हा जेवत नाही. पंप का बंद पडला, लिनेट?"

लिनेटच्या तोंडात उत्तर तयार होतं, एका वाक्याचं. तिने पर्स घट्ट धरली. "ते मी सांगायचं नाही."

"मग कुणी सांगायचं?"

खिडकीकडे बघायचं नाही असं लिनेटने ठरवलं होतं, पण डोळे गेलेच. आर्लीसचेही तिच्या मागोमाग गेले.

घड्याळाची टिकटिक मोठी झाली. नळ ठिबकत होता. डेलमारच्या पाठीवर शर्ट वर-खाली होताना दिसत होता.

"डेलमार," आर्लीस म्हणाली. मग पुन्हा, "डेलमार." आणि तिसऱ्यांदा, अगदी हलक्या आवाजात, "डेलमार, बोल."

"मीच काढला होता," तो खिडकीला म्हणाला. "फ्रीझरसाठी. विसरलो. मॅच बघत बसलो."

लिनेटला वाटलं आता आर्लीस कप फेकणार, किंवा रडणार. तिने फक्त टेबलावरचा फोटो उलटा करून ठेवला.

"पेटीचं जाऊ दे," ती म्हणाली. "कपडा होता. पण मी चर्चमध्ये उभं राहून त्या माणसांना दगाबाज म्हटलं. सगळ्यांसमोर. आणि तू माझ्या शेजारी बसून बटाटे खात होतास!"

डेलमारने तोंड फिरवलं नाही.

"लिहिलंयस ना तू?" आर्लीसने लिनेटला विचारलं. "खोटं बोलू नकोस. तुझ्यासारखी न लिहिता राहील होय!"

लिनेटने पाकीट पुढे सरकवलं. आर्लीसने चष्मा लावला आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं, बोट ओळीखाली धरून. हरणापाशी तिचं बोट थांबलं, मग पुढे गेलं. तिने पेन मागितलं, सही केली, आणि कागद टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ढकलला. डेलमार आला. उभ्यानेच त्याने सही केली. वाचलं नाही.

"कॉफी घे," आर्लीस म्हणाली. तिने विचारलं नाही, सरळ ओतली. लिनेटनेही नको म्हटलं नाही. दोन कप भरून आर्लीसने भांडं परत शेगडीवर ठेवलं. डेलमारचा कप टेबलावर तसाच रिकामा राहिला. त्याने तो उचलला, सिंकमध्ये नेला आणि कोरडाच असलेला कप विसळत उभा राहिला.

बाराला थोडा अवकाश असताना लिनेट हॉफच्या कचेरीत पोचली. सार्टोरी टेबलाशी उभा राहूनच वाचायला लागला. मधे एकदा हसला, मग हसणं थांबलं. शेवटचं पान खाली ठेवल्यावर त्याने दोन्ही सह्यांवरून अंगठा फिरवला.

"त्यांच्या घरी ठीक आहे ना?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," लिनेट म्हणाली. तिला तो विसळला जाणारा कप दिसत होता. कागद पाकिटात घालून तिथे नेला तो तिनेच. नसता नेला तरी झालं असतं का, हे तिला कधीच कळणार नव्हतं, आणि त्याबद्दल तिला वाईट वाटत होतं. त्याच वेळी हे काम हवं होतं, इतकं हवं होतं की दात आवळले गेले होते.

सार्टोरीने घसा साफ केला. गेल्या काही दिवसांत तोही काहीतरी शिकला असावा. "लिखाण बरं आहे," तो म्हणाला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून थोडा लाजला. "वर्षभर कराल का?"

"हो."

तो थांबून राहिला. इथली रीत आता त्याला ठाऊक झाली होती; नको-नकोचे दोन फेरे होऊ द्यावेत, असं त्याने बहुधा ठरवलं होतं. "म्हणजे, विचार करायचा असेल तर..."

"हो म्हणाले मी," लिनेट म्हणाली. "पुन्हा विचारू नका."